खण आणि स्क्वेअर फूट

आमचं घर पाच खणाचं होतं. एवढं सांगितलं की आमच्या भागातल्या जुन्या माणसाला घर डोळ्यांपुढं दिसायचं. खण म्हणजे दोन खांबांच्या मधली जागा. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या. खण केवढा धरायचा ते सुताराला मिळालेल्या लाकडावर ठरायचं. त्यामुळं एकाचा खण दुसऱ्याच्या खणाएवढा असेलच असं नाही. तरी सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा आधी विचारायचा, "घर किती खणाचं हाय?" आणि उत्तर ऐकून मान हलवायचा. एकराचा हिशेब त्यानंतर.

गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. रस्त्याकडच्या दिंडीतून आत आलं की ढाळज. पाहुणे, पोस्टमन, उसनंपासनं मागायला आलेला माणूस, सगळे ढाळजेतच बसायचे. मग उघडा चौक, चौकापलीकडं सोपा, सोप्याच्या आत माजघर. माजघराच्या एका अंगाला चूल आणि देव, दुसऱ्या अंगाला भिंतीच्या जाडीतच बांधून काढलेलं बळद. त्यात वर्षाची ज्वारी. बळदाच्या शेजारी उतरंड. मागच्या दारानं बाहेर गेलं की न्हाणी, आणि न्हाणीचं पाणी परसातल्या आळवाला.

यातल्या एकाही नावात, न्हाणी सोडली तर, तिथं काय करायचं ते सांगितलेलं नाही. माजघर म्हणजे मधलं घर. तिथं दळण व्हायचं, निवडणं-टिपणं व्हायचं, बाळंतिणीची बाज तिथंच पडायची. मी तिथंच जन्मलो आणि माझी आजी तिथंच गेली. जागा एक, कामं हजार. दिवसाच्या वेळेवर आणि घरातल्या माणसांच्या वयावर जागेचं काम बदलायचं.

घरावर माळवद. कड्यांवर बारकी लाकडं दाट अंथरायची, त्यावर पाला, आणि त्यावर पांढरी माती. शेतातली काळी नव्हे, गावठाणातली पांढरी. ती ओली झाली की घट्ट बसते, पाणी खाली सोडत नाही. उन्हाळ्यात माळवदावर कुरडया, पापड, मिरच्या. रात्री सगळं घर वरच झोपायला. धूर जायला आणि उजेड यायला मधे एक साणं ठेवलेलं असायचं. पावसात त्यावर पाटी नाहीतर पत्र्याचा तुकडा. दरसाल मिरगाच्या आधी दादा चार पाट्या माती वर टाकायचे. त्यांच्या आधी त्यांच्या वडलांनी टाकली होती. टाकलेली माती कुणी कधी खाली काढली नव्हती. नवा थर जुन्यावर चढत गेला. घर थंड राहतं, गळत नाही, याचं सगळ्यांना कौतुक होतं. वजनाचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

१९९३च्या जूनमध्ये मी पाचवीत गेलो. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. एबीसीडी संपल्यावर सरांनी फळ्यावर घराचं चित्र काढलं. उतरतं छप्पर, मधोमध दार, दोन बाजूंना दोन खिडक्या, वर धुराडं, पुढं कुंपण. असलं घर आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. चित्राभोवती बाण आणि बाणांपुढं शब्द: वॉल, रूफ, डोअर, विंडो, फ्लोअर. दुसऱ्या दिवशी खोल्या आल्या: हॉल, किचन, बेडरूम, बाथरूम.

सर म्हणाले, "रूफ म्हणजे छप्पर."

मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "सर, आमच्या घराला छप्पर न्हाई. छप्पर शेतात हाय, बैलाला. घराला माळवद हाय."

सर चांगले होते. हसले आणि म्हणाले, "पेपरात मात्र छप्परच लिही."

बेडरूमला वर्गात हशा झाला. झोपायची खोली वेगळी असते ही गोष्टच आम्हाला गंमतीची वाटली. तोच पोरगा म्हणाला, "सर, मंग आमची बेडरूम उन्हाळ्यात माळवदावर आन् हिवाळ्यात सोप्यात." सरांनी शब्द पाच-पाच वेळा लिहून आणायला सांगितले. मी माजघरात कंदिलापुढं बसून लिहिले. माय भाकरी थापत विचारायची, "काय लिव्हायलास?" मी म्हणायचो, "वॉल म्हंजे भित." ती म्हणायची, "मंग भितच लिव्ह की."

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावचा गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मला आधी ट्रॅक्टर घरात शिरल्यासारखा आवाज आठवतो, मग दादांनी दंडाला धरून ओढलेलं आठवतं, मग तोंडात माती. चौकात आलो तेव्हा अंधारात धुरळा उभा होता आणि गावभर कुत्री ओरडत होती. उजाडल्यावर दिसलं की गल्लीकडच्या भिंतीचं बाहेरचं अंग सगळं खाली आलंय. आमच्याकडच्या भिंती दोन-अडीच हात रुंद, पण त्यांना अंगं दोन. आतून एक दगडाची रांग, बाहेरून एक, मधे चिखल आणि दगडगोट्यांचा भर. हादऱ्यानं बाहेरचं अंग सुटलं. आत मात्र खांब जागेवर होते, तुळया खांबावर होत्या, आणि त्यांनी माळवद धरून ठेवलं होतं. आम्ही वाचलो ते त्या पाच खणांमुळं.

आत्याच्या गावात तसं झालं नाही. तिकडं भिंती आतबाहेर दोन्हीकडं पडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माती झोपलेल्या माणसांवर आली. तिच्या घरातली तिघं गेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून सुमारे ८,००० माणसं गेली. मोठ्या दगडी वाड्यांतली गेली, आणि कडेच्या कुडाच्या खोपटांतली पुष्कळ वाचली. जाड भिंत म्हणजे भक्कम घर, हे आमच्या लोकांचं पिढीजात गणित त्या पहाटे चुकलं.

त्यानंतर कित्येक महिने कुणी भिंतीजवळ झोपलं नाही. थंडी पडली तरी माणसं पत्र्याच्या शेडात, नाहीतर रानात. मायनं आणि दादांनी माळवदाची माती खाली काढली. दादा वर खोऱ्यानं ओढायचे, माय पाटी घेऊन उतरायची. अकरा गाड्या माती निघाली. ती पाहून दादा एवढंच म्हणाले, "एवढं डोक्यावर घेऊन झोपत होतो."

आणि मग गावात शब्द यायला लागले. शाळेतले शब्द चित्रातल्या घराचे होते. हे जीपमधून आले, आणि आमच्याच घराबद्दलचे होते. सर्व्हे, क्रॅक, डॅमेज. एक कारकून फॉर्म घेऊन पडक्या भिंतीपुढं उभा राहिला. त्यानं विचारलं, घर केवढं? दादा म्हणाले, "पाच खण." तो म्हणाला, "खण चालत नाहीत. स्क्वेअर फुटात सांगा." दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाचवीतला. मलाही सांगता आलं नाही. शेवटी कारकुनानंच टेप काढला, लांबी-रुंदी घेतली, गुणाकार केला आणि आकडा लिहिला. कारकून गेल्यावर दादा बराच वेळ त्या आकड्याचंच बोलत होते. आपलं घर आपल्यालाच सांगता येऊ नये, हे त्यांना भिंत पडण्याएवढंच लागलं असावं.

आत्याचं गाव उठवून नव्या जागी बसवलं. तिथं घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० स्क्वेअर फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. थोड्याच दिवसांत माणसांची ओळखही तीच झाली. अडीचशेवाले, साडेचारशेवाले, साडेसातशेवाले. आत्या साडेचारशेवाली. मी आठवीत असताना तिच्याकडं राहायला गेलो. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एका घरापासून दुसरं घर लांब. आत्या म्हणाली, "हितं शेजारीण हाक मारली तरी आयकू येत न्हाई." फळ्यावरच्या चित्रातल्या खोल्या आता खऱ्याच उभ्या होत्या. किचनमध्ये उभ्यानं करायचा ओटा होता, आणि आत्या बाहेर आडोशाला चूल मांडून बसून भाकरी करत होती. बाथरूममध्ये गोवऱ्या रचलेल्या. हॉलमध्ये ज्वारीची पोती, कारण बळद नव्हतं. तिला त्या घराचं वाईट काही सांगायचं नव्हतं. ती म्हणाली, "घर चांगलंय. पडायचं न्हाई. पण कुटं काय करावं ते घरच सांगतंय. आपून सांगायचं ऱ्हायलं न्हाई."

आमच्या गावाला नवं गाव नाही मिळालं. आमच्याकडं जुनीच घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे. त्यासाठी गावात बैठका व्हायच्या आणि संवाद सहायक म्हणून नेमलेल्या बाया घरोघर फिरून समजावून सांगायच्या. माय पहिल्यांदा बैठकीला गेली ती पदर तोंडावर ओढून. परत आली ती तीन शब्द घेऊन: लिंटल बँड, थ्रू स्टोन, कॉर्नर. तिची शाळा दुसरीपर्यंतची. तिनं ते शब्द माझ्यासारखे पाच-पाच वेळा लिहून पाठ केले नाहीत. तिनं ते घरात कुठं बसतात ते पाहिलं.

थ्रू स्टोन म्हणजे भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारा लांब दगड. ती गल्लीकडच्या भिंतीजवळ गेली आणि म्हणाली, "हिला त्यो नव्हता. म्हून हिचं अंग सुटलं." लिंटल बँड म्हणजे दार-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींतून फिरवलेली सिमेंट-सळईची सलग पट्टी. मायनं तिला लगेच नाव दिलं: घराचा करदोडा. आणि कॉलम, बीम असलं काही इंजिनिअर फळ्यावर काढून सांगायला लागला तेव्हा ती मागून म्हणाली, "म्हंजे खांब आन् तुळईच की." इंजिनिअर तरुण होता. क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो काकू, तेच. तुमच्याकडं लाकडाचे होते, हे लोखंड-काँक्रीटचे." त्या दिवशी घरी आल्यावर तिनं आमच्या मधल्या खांबाला हात लावून पाहिला.

काम सुरू झालं १९९५च्या उन्हाळ्यात. गवंडी गुत्त्यानं काम करणारा होता, त्याला पुढचं घर गाठायचं होतं. लिंटलची सळई त्यानं प्रत्येक भिंतीत सरळ टाकली आणि कोपऱ्याला आली तिथंच तोडून सोडली. दादा शेतात होते. माय पाणी मारत होती. तिनं ते पाहिलं.

"मिस्त्री, ही सळई कोपऱ्यावर वाकवून दुसऱ्या भितीत न्या."

"वैनी, त्येला काय हुतंय. काँक्रीट पडलं की एकच हुतंय सगळं."

"करदोडा कोपऱ्यावर तुटला तर कमरंला कशाचा ऱ्हातो?"

"आवो, हे लिंटल हाय. तुमाला कळायचं न्हाई त्यातलं."

"मला लिंटलच कळतंय," माय म्हणाली, आणि सिमेंटच्या पोत्यावर जाऊन बसली. "कॉर्नर केल्याबगर माल कालवू नका."

ती तिथं तासभर बसली. तिच्या अंगाखालचं पोतं सोडून गवंड्याला सिमेंट नव्हतं. चारी कोपऱ्यांत सळई वाकली, एकमेकींवर आली, तारेनं बांधली गेली, मगच ती उठली. संध्याकाळी दादांना हे गवंड्यानंच सांगितलं, तक्रारीच्या सुरात. दादा हसले नाहीत. त्यांनी जाऊन चारी कोपरे पाहिले.

इंग्रजी शब्दांनी आमची मराठी बिघडवली असं कुणी म्हणालं की मला तो कोपरा आठवतो. हे शब्द आमच्याकडं तोरा मिरवायला आले नाहीत. माणसं गेल्यानंतर आले, आणि पुन्हा जाऊ नयेत म्हणून आले. ज्याला तो शब्द येत होता त्याला गवंड्याला अडवता येत होतं. ज्याला येत नव्हता त्याच्या घराची सळई कोपऱ्यावर तुटलेली राहिली आणि वरून गिलावा झाला. पण मायला तो शब्द आला कारण तिला खांब येत होता, तुळई येत होती, करदोडा येत होता. जुनं घर तिनं दरसाल सारवलं होतं, पोतारलं होतं, त्याची माती डोक्यावर वाहिली होती. नवा शब्द ठेवायला तिच्याजवळ जागा होती.

गावानं हे शब्द आपल्या जिभेनं घडवून घेतले. स्लॅबचा स्लॅप झाला, कॉलमचा कालम, बीमचा भीम. दोन भीम टाकलेल्या घराला कुणी हसून म्हणायचं, "दोन भीम असल्यावर कशाचं भ्या?" टाइल्सची स्टाईल झाली, "सोप्याला स्टाईल बसवली" असं सगळा तालुका म्हणतो. वॉशबेसिनचं बेसिंग. सेप्टिक टँकचा सेफ्टी टँक, आणि खड्डा नीट झाकलेला असला तर ते नाव चुकीचंही नाही. हॉलचा झाला हाल. नव्या सुनेला सासू सांगते, "पाहुण्यांना हालात बशीव." एकच शब्द बायांच्या तोंडी लवकर आला नाही, तो बेडरूम. थोरल्या माणसांदेखत नवरा-बायकोच्या खोलीचं नाव घ्यायचं कसं? आमची वहिनी कितीतरी वर्षं "तिकडची खोली" म्हणत होती. माय अजून तसंच म्हणते.

परके शब्द घरात यायची ही पहिली वेळ नव्हे. दरवाजा फारसीतून आला, दिवाणखाना तिकडूनच. दाराची चावी आणि न्हाणीतली बादली पोर्तुगीजांकडून आली. आपला बंगला इंग्रजांनी उचलून नेला आणि त्याचा बंगलो करून जगभर फिरवला. त्यामुळं शब्द आला याचं मला दुःख नाही. जे गेले ते का गेले, हे मात्र सांगितलं पाहिजे.

देवळी गेली, कारण नऊ इंची भिंतीत देवळी कोरायला जागा नसते. दिवा ठेवायची देवळी, तिच्याहून मोठा कोनाडा, हे जाड भिंतीचे शब्द. भिंत बारीक झाली, शब्दांना राहायला जागा उरली नाही. बळदाचंही तेच, पण त्याला आणखी एक कारण झालं. शेतात ज्वारी कमी झाली आणि सोयाबीन आलं. सोयाबीन घरात कोण ठेवतो? मळणी झाली की लातूरच्या आडतीला. घरात येतात ते पैसे, आणि पैशाला बळद लागत नाही. फरशी आली, सारवण गेलं. गॅस आला, चूल परसात गेली, मग परसही गेलं, कारण तिथं बाथरूमची पाइप आली आणि पाणी आळवाऐवजी गटारीला लागलं. साणं गेलं ते माळवदाबरोबर. एकेक शब्द जाताना घरातलं एकेक काम घेऊन गेला. त्यातली पुष्कळ कामं बायांच्या पाठी मोडणारी होती. शेणानं सारवून सारवून मायच्या बोटांची कातडी गेली होती. तिच्यापुढं सारवणाचं कौतुक करायची माझी छाती नाही.

मला चिंता दुसऱ्या गोष्टीची वाटते. आमच्या पुतण्यानं चार वर्षांमागं जुनी जागा मोकळी करून टू बीएचके बांधलं. प्लॅन लातूरहून आला, काम ठेकेदारानं केलं. आता घरात मॉड्युलर किचन आहे, पीओपी आहे, अटॅच आहे. पोराच्या तोंडात सगळे शब्द सफाईदार, बीमचा भीम होत नाही. पण सळई किती सुताची टाकली, भिंतीत पट्टी फिरवली की नाही, कोपऱ्यात काय केलं, हे त्याला सांगता येईना. तो म्हणाला, "ते ठेकेदाराला ठाव." आजोबाला आपलं घर फुटात सांगता आलं नव्हतं, नातवाला सगळं फुटात येतं. तरी आजोबाला आपल्या घरातला एकेक खांब माहीत होता, आणि नातवाचे खांब गिलाव्याच्या आत गेलेत.

बांधकाम चालू असताना माय रोज खुर्ची टाकून तिथं बसायची. वय झालंय, दिसतं कमी. पहिल्या दिवशी ठेकेदारानं ओळख म्हणून विचारलं, "आजी, केवढं घर पाहिजे?" ती म्हणाली, "केवढं बी असू द्या. लिंटल कुटं येणार ते दाखवा." त्यानं दाखवलं. तिनं काठीनं कोपऱ्याकडं बोट केलं, "आन् हितं?" ठेकेदारानं पुतण्याकडं पाहिलं. पुतण्यानं माझ्याकडं. मग ठेकेदारानं खिशातली पेन्सिल काढली आणि विटेवर कोपरा काढून तिला सगळं समजावून सांगितलं. आम्ही दोघं शेजारी उभं राहून ऐकलं.

घर भरलं त्या दिवशी जुन्या खांबांपैकी दोन गोठ्याला लावले, एक पुतण्यानं पॉलिश करून हॉलच्या दारात शोभेला उभा केला. त्यावर काही पेललेलं नाही. माय येताजाता त्याला हात लावते. परवा मी दिवा लावायला काडीपेटी शोधत होतो तर आतून म्हणाली, "हालात बग, शोकेसच्या देवळीत." गेलो. शोकेसच्या कोपऱ्यातल्या लहान खणात काडीपेटी होती.